खुंटीखालचं धान्य

नर्सबाईनं तुळईला वजनकाटा अडकवला, काट्याला झोळी लावली आणि झोळीत बाळाला ठेवलं. बाळ रडलं नाही. म्हाताऱ्याला तेच खटकलं. झोळीत टांगलेलं पोर सगळं घर डोक्यावर घेतं, हे त्यानं आपल्या मुलाच्या वेळी पाहिलं होतं. ही नात मात्र नुसती टकामका बघत होती.

सुई थरथरली आणि थांबली. नर्सबाईनं वाकून पाहिलं, पिशवीतलं कार्ड काढून पाहिलं, मग पुन्हा सुईकडे पाहिलं.

"गेल्या खेपेला होतं तेवढंच आहे."

"म्हणजे कमी नाही झालं," म्हातारा म्हणाला.

"आजोबा, तुमचं वजन तेवढंच राहिलं तर ठीक. हिचं तेवढंच राहणं म्हणजे कमी होणंच." तिनं बाळाला उतरवून घेतलं, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. "आजार काही दिसत नाही. पोरगी चांगली आहे." मग ती सुनेकडे वळली. "दूध पुरतंय का गं?"

"पुरतंय की."

"तू काय खातेस?"

"खाते की सगळं."

"सगळं म्हणजे काय?"

सून चुलीकडे बघत राहिली. "घरात असेल ते."

नर्सबाईनं तिचं मनगट धरलं. अंगठा आणि करंगळी सहज एकमेकांना मिळाली. ते मनगट तिनं म्हाताऱ्याला दिसेल असं धरून ठेवलं.

"बाळाला औषध नकोय," ती सामान आवरत म्हणाली. "हिला जेवण हवंय. पोटभर, आणि सगळ्यात आधी. जवाबरोबर घेवडा असेल तर घेवडा, पाला मिळेल तर पाला. पुढच्या खेपेला सुई इथंच असली तर दोघींना खाली दवाखान्यात न्यावं लागेल. आणि खालची वाट कशी झालीय ते तुम्हाला माहीत आहे. ओढ्यानं अर्धी खाल्लीय. एवढ्याशा जिवाला त्या गारठ्यातून पाठीवर बांधून न्यायचं, हे मला तरी नको वाटतं."

म्हातारा तिला दारापर्यंत सोडायला गेला. त्याला राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. आपल्या घरात बाईमाणूस उपाशी आहे, असं परक्या बाईनं तोंडावर सांगावं!

डोंगरावर हे दिवस वाईटच. मागचं धान्य तळाशी गेलेलं असतं आणि पुढचं शेतात हिरवं उभं असतं. लोक त्यांना मधले दिवस म्हणतात. या दिवसांत माणसं कमी बोलतात, लवकर झोपतात, पाहुणे एकमेकांकडे जात नाहीत. तान्ही पोरं जातात तीही याच दिवसांत. म्हाताऱ्यानं आयुष्यभर ते पाहिलं होतं. पण त्याच्या स्वतःच्या घरात मधले दिवस कधी फार टोचले नव्हते. पेज थोडी पातळ व्हायची, मग एक दिवस पुन्हा घट्ट व्हायची आणि तिच्यात घेवड्याचे दाणेही यायचे. कुठून यायचे, हे त्यानं कधी विचारलं नाही. बायको होती, ती बघायची.

बायको थंडीत गेली. छातीत कफ झाला, तो उतरलाच नाही. तिचं आखूड दांड्याचं खुरपं अजून दारामागेच होतं. झाडताना सून ते उचलायची आणि परत तिथंच ठेवायची. दोघांपैकी कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. मुलगा खाली रस्त्याच्या कामावर होता आणि कापणीला परत यायचा होता. तेव्हा घरात आता ही तिघं. म्हातारा उतारावरच्या शेतांचे दगडी बांध रचायचा. पावसानं कुठं बांध फुटला की लोक त्यालाच बोलवायचे. दगड न बोलता बसवता येतात, म्हणून त्याला ते काम आवडायचं, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची.

दुसऱ्या दिवशी तो जेवून बांधावर निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की हातोडा घरीच राहिला. तो परत आला. सून चुलीपाशी पाठमोरी बसली होती. पेजेच्या पातेल्यात तिनं पाणी ओतलं, हातानं कडा पुसून घेतल्या, पातेलं गोल फिरवलं आणि ते पाणी तोंडाला लावलं.

म्हातारा दारातच थांबला.

"हे काय करतेस?"

ती दचकली. "भांडं धुतेय, बाबा."

"भांडं धुतलेलं पाणी बाहेर टाकतात. तू प्यायलीस."

सुनेनं पातेलं पालथं घातलं.

"तुझं जेवण झालं?"

"झालं."

"कधी? मी आत्ता तर उठलो ताटावरून."

"तुमच्या आधी."

"माझ्या आधी तू चूल फुंकत होतीस. मी डोळ्यांनी बघितलंय." त्याचा आवाज चढला, तशी कोपऱ्यात झोपलेली पोरगी हलली. त्यानं आवाज खाली आणला. "कणगीत काही आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

"खुंटीच्या वर चार बोटं उरलंय फक्त. कापणीपर्यंत तेवढ्यातच काढायचंय."

त्या खुंटीचं म्हाताऱ्याला माहीत होतं, जेवढं बाहेरच्या माणसाला माहीत असतं तेवढं. डोंगरावरच्या प्रत्येक घरात मातीनं लिंपलेली कणगी असते आणि तिच्या आतल्या अंगाला एक लाकडी खुंटी ठोकलेली असते. खुंटीच्या वरचं धान्य खायचं. खालच्याला हात लावायचा नाही. ते बियाणं. गारा पडून किंवा हिव पडून उभं पीक गेलं तर दुसऱ्यांदा पेरायला ते लागतं. त्याच्या लहानपणी एकदा तसं झालं होतं. ज्यांनी खुंटीखालचं खाल्लं होतं ती घरं डोंगर सोडून गेली, परत आली नाहीत. कणगीत हात घालायचं काम बायकांचं. पुरुषाचा हात मोठा, मूठ सैल, म्हणून पुरुषानं त्या बाजूला फिरकायचं नाही, अशीच रीत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं कणगीत एकदाही हात घातला नव्हता.

"आणि मला ताट भरून वाढतेस ते?"

"तुम्ही दगड उचलता दिवसभर." ती खाली मान घालून म्हणाली, "आणि आईंनी सांगितलं होतं. शेवटी शेवटी. म्हणाल्या, त्यांचं ताट रिकामं दिसू देऊ नकोस आणि खुंटी सांभाळ. मी शब्द दिलाय, बाबा."

म्हातारा हातोडा घेऊन निघाला खरा, पण त्या दिवशी त्यानं बसवलेला एकही दगड धड बसला नाही. एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता. ताट रिकामं दिसू देऊ नकोस. म्हणजे तीही असंच करायची का? मी भरल्या ताटावर बसायचो आणि ती मागं पातेलं विसळून प्यायची? मधल्या दिवसांत ती वाळायची, हे त्याला आता आठवलं. तेव्हा वाटायचं, कामानं वाळते. सगळेच वाळतात.

संध्याकाळी त्यानं ताट अर्धं ठेवलं.

"पोट भरलं."

सुनेनं पाहिलं. रात्रीसाठी त्याच्या उशाशी कढत पाणी ठेवलं.

सकाळी त्यानं पुन्हा अर्धं ठेवलं. या वेळी तिनं विचारलं, "दुखतंय का कुठं?"

"नाही. भूक नाही."

त्याला वाटलं, उरलेलं ती खाईल. तिनं ते झाकून ठेवलं आणि दुपारी बांधावर त्याच्याकडेच घेऊन आली, वर थोडं मीठ जास्त घालून. संध्याकाळची पेज तर आणखी घट्ट आली. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावायचं तेवढं बाकी राहिलं. तो जेवढं कमी खाई, तेवढी ती त्याची जास्त काळजी करी, आणि जेवढी काळजी करी तेवढं जास्त वाढी. तिसऱ्या दिवशी ताट सरकवताना तिचे डोळे भरून आले.

"माझ्या हातचं उतरत नाही का तुम्हाला? आईंसारखं नसेल होत. सांगा ना काय कमी पडतं ते."

"कमी काही पडत नाही," तो वैतागून म्हणाला. "जास्त पडतंय! तू खा म्हणतो मी!"

"मी खाते हो."

"खाऊ नकोस मग!" असं म्हणून तो बाहेर जाऊन बसला, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्याचं त्यालाच हसू आलं. बायको असती तर हे वाक्य तिनं सगळ्या वाडीला ऐकवलं असतं.

हसू ओसरलं आणि मग भीती उरली. सांगायला गेलो तर ती ऐकत नाही. खुंटी मोडायला सांगावी तर आपलाही धीर होत नाही. बियाणं खाणारा माणूस पुढचं वर्ष खातो. पण पोरगीच राहिली नाही तर पुढचं वर्ष कुणासाठी? त्यानं दोन्ही बाजूंनी विचार केला, आणि दोन्ही बाजूंनी तो तिथंच येऊन अडकला.

दुसऱ्या दिवशी तो वरच्या टप्प्यावरचा फुटलेला बांध सांधत होता. शेजारच्या शेतात त्याची चुलतभावजय तण काढत होती. दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. तोंडाची फटकळ बाई, पण वेळेला धावून येणारी. बायको गेली तेव्हा सगळ्यांच्या आधी चूल पेटवून देणारी तीच.

काम करता करता ती उभी राहिली, जवाचं एक धाट तिनं मुळापासून उपटलं, नखानं देठ उभा चिरला आणि आतली कोवळी ओंबी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग ती तोंडात टाकली.

म्हाताऱ्याच्या हातातला दगड हातातच राहिला. त्याची बायको दरवर्षी हेच करायची. अगदी हेच. याच दिवसांत शेतात यायची, एक धाट उपटायची, चिरायची, चावायची. आणि तो दरवर्षी म्हणायचा, 'घ्या, एक ओंबी कमी झाली.' ती म्हणायची, 'डोहाळे लागलेत मला.' पहिल्या वर्षी ते खरं होतं. नंतर ती त्यांची नेहमीची थट्टा झाली होती.

"वहिनी," त्यानं हाक मारली, "हे कशासाठी करता तुम्ही?"

"काय?"

"हे. धाट चिरून बघता ते."

"पोटरीत आलं का, आत ओंबी धरली का बघायला."

"ते नुसतं लांबून बघूनही कळतं. मला विचारा, सांगेन. चार दिवस झाले पोटरीत येऊन."

"तुम्हाला लांबून कळतं. आम्हाला चावून बघितल्याशिवाय कळत नाही." ती हसली. "आणि चुकून चालत नाही आम्हाला."

"का?"

"अहो भावोजी, एवढा संसार केलात आणि मलाच विचारता?"

"मस्करी नको. खरंच सांगा."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. तरी सरळ उत्तर द्यायला ती कचरली. आपल्या कणगीतलं दुसऱ्या घरच्या पुरुषाला सांगायचं म्हणजे तिला पदरातलं काही उघडं केल्यासारखं वाटत होतं.

"बरं, मला सांगा," ती म्हणाली. "आज गारा पडल्या. हे सगळं झोपलं. तुम्ही परत पेराल?"

"आता? वेड लागलंय का? आता पेरलेलं पिकायच्या आधी बर्फ येईल."

"मग?"

"मग काय?"

"मग घरी जा आणि कणगीला विचारा," ती म्हणाली आणि खाली वाकून तण काढू लागली. पण लगेच पुन्हा मान वर केली. "तुमच्या सुनेला माहीत नाही? गेल्या मधल्या दिवसांत ती खालच्या गावात माहेरी होती, नाही का? अगं बाई! मला वाटलं, सासूनं सांगितलं असेल. दुसऱ्याच्या कणगीचं आपण कसं विचारणार? आणि मी आपली रोज भिंतीपलीकडून म्हणतेय, सून वाळली, सून वाळली!"

म्हातारा बांध तसाच टाकून उतरला. उतरताना वाटेतच सगळं जुळत गेलं. पीक पोटरीत आलं की दुसरी पेरणी संपली. मग ते बियाणं कशासाठी राखायचं? पुढच्या वर्षाचं बी नव्या पिकातून निघणार. एवढी साधी गोष्ट. शेत त्याला माहीत होतं, कणगी बायकोला माहीत होती, आणि दोन्हींच्या मधलं ते एक धाट त्यानं थट्टेवारी नेलं होतं.

घरात शिरताना त्याच्या हातात तसंच एक धाट होतं. सून पोरगीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी ओढत होती आणि सोडत होती, ओढत होती आणि सोडत होती.

"तिला खाली ठेव आणि इकडे ये."

"काय झालं, बाबा?"

त्यानं कणगीवरचं झाकण काढलं. सून घाईनं उठली. "बाबा, तुम्ही नका. मी काढून देते काय हवं ते."

"मला काही काढायचं नाही. हात लावून बघायचंय." त्यानं बाही वर केली आणि हात आत घातला. धान्याला हात लागला, खुंटीला लागला. खुंटीच्या खाली कडेनं त्यानं बोटं दाण्यांत खुपसली आणि भिंत चाचपडत खाली गेला. आधी गुळगुळीत लिंपण. मग एक खळगा. बोटाच्या टोकाएवढा, मातीनं बुजवलेला. त्याच्या शेजारी आणखी एक. मग आणखी. कणगीचा तो भाग जुन्या छिद्रांनी भरून गेला होता. माती बसवताना बायकोनं अंगठ्यानं दाबली होती, आणि तो अंगठा अजून मातीत होता.

म्हातारा बराच वेळ हात आत ठेवून उभा राहिला. ती उपाशी राहिली नव्हती. निदान या दिवसांत तरी नाही. पीक पोटरीत आलं की ती घरी यायची, खुंटी काढायची, खाली ठोकायची आणि पेज घट्ट करायची. सगळ्यांची. त्याच्या छातीवरचा एक मोठा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं.

"बाबा?" सून घाबरली होती. "बाबा, काय आहे आत?"

"तूच बघ." त्यानं हात बाहेर काढला. "खुंटीच्या खाली, भिंतीला."

तिनं हात घातला. तिची बोटं फिरत होती तसा तिचा चेहरा बदलत होता.

"छिद्रं आहेत."

"दरवर्षीचं एक."

"म्हणजे आई..."

"म्हणजे तुझ्या सासूनं दरवर्षी खुंटी खाली घेतली." त्यानं धाट तिच्यासमोर चिरलं आणि ओंबी तिच्या तळहातावर ठेवली. "हे असं झालं की घ्यायची. यानंतर पेरणी नाही. राखून ठेवण्यात काही अर्थ नाही."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?" तिचा आवाज फुटला. "खुंटी सांभाळ म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या."

"थंडी होती पोरी. कणगी भरलेली होती. हे सांगायची वेळ या दिवसांत येते. तोवर ती थांबली नाही."

सून रडली, पण तिचा हात कणगीतच होता, आणि रडता रडता ती मध्येच थांबली. "बाबा, इथं काहीतरी आहे." तिनं ओढून काढलं. जाड कापडाची, तोंड आवळून बांधलेली पिशवी होती. आत घेवड्याचे दाणे. गच्च भरलेले, एकही किडलेला नाही. जवात पुरून ठेवलं की घेवडा किडत नाही.

"दरवर्षी पेजेत यायचे ते हेच," म्हातारा म्हणाला. त्यानं पिशवी हातात तोलली. "या वर्षी पिशवी मोठी आहे."

सुनेनं पिशवीकडे पाहिलं, मग पोरगीकडे. कणगी भरली तेव्हाच तिला दिवस गेलेले होते, आणि ते सासूला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"खुंटी तुम्ही ठोका," ती म्हणाली.

"माझा हात मोठा. तुझं काम आहे ते." त्यानं हातोडा तिच्या हातात दिला. "हळू मार. लिंपण जुनं आहे."

घेवडा शिजायला वेळ लागला. शिजला तेव्हा सुनेनं सवयीनं त्याचं ताट घेतलं आणि वाढायला लागली. म्हाताऱ्यानं ताट हातानं झाकलं.

"आधी तू."

"असं कसं, बाबा? तुम्ही बाहेरून आलात."

"मी उद्याही बाहेरून येईन. नर्सबाई काय म्हणाली? सगळ्यात आधी."

"मला तुमच्यासमोर नाही जमणार."

"मग दोन ताटं घे. माझ्यासोबत बस." पुढचं बोलायला त्याला जड गेलं, कारण ते नुसतं तिला खायला लावण्यासाठी नव्हतं. "ती समोर बसायची मी जेवताना. जेवायची नाही, पण बसायची. आता समोर कुणी नसतं. एकट्याला घास जात नाही मला."

सुनेनं दुसरं ताट घेतलं.

पहिल्यांदा ती लाजत लाजत जेवली. मग पोरगी किरकिरायला लागली, तेव्हा म्हाताऱ्यानं आपलं ताट तसंच बाजूला ठेवून तिला उचललं आणि बाहेर ओट्यावर नेलं. "हिला मी बघतो. तू उठायचं नाहीस." पोरगी त्याच्या दाढीत बोटं अडकवून ओढू लागली. तिच्या हाताला अजून जोर नव्हता. म्हातारा आत वळून न बघता कान देऊन बसला. बऱ्याच वेळानं आतून पळीचा आवाज आला. पातेल्याला लागलेला. थोडा थांबून पुन्हा एकदा. ती दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

पलीकडच्या भिंतीवरून चुलतभावजयीचं डोकं वर आलं. "काय भावोजी, बोलली का कणगी?"

"बोलली."

"कणगीला बोलतं केलंत, आणि तुमची बाई मात्र तुम्हाला मुका म्हणायची!"

नर्सबाई आली तेव्हा ओढ्याचं पाणी थोडं उतरलं होतं. तिनं तुळईला काटा लावला, झोळीत बाळाला ठेवलं, आणि झोळी हलताच पोरगीनं असा काही टाहो फोडला की कोंबड्या अंगणातून पळाल्या. सुई थरथरली, पुढं गेली आणि थांबली. फार नाही. पण मागच्या खुणेच्या पुढं.

"आता कसं!" नर्सबाई म्हणाली. "दवाखाना टळला. असंच चालू ठेवा. काय केलंत काय?"

म्हातारा सुनेकडे बघायला लागला. सून रडणाऱ्या पोरगीला झोळीतून काढत होती.

"खुंटी खाली घेतली," ती म्हणाली.

नर्सबाई खालच्या गावची. तिला काही समजलं नाही. तिनं मान हलवली आणि कार्डावर वजन लिहिलं. पोरगी ओरडतच होती. म्हातारा मध्ये पडला नाही की त्यानं तिला गप्पही केलं नाही. तो दारापाशी उभा राहून ते रडणं ऐकत राहिला. मग दारामागचं आखूड दांड्याचं खुरपं त्यानं उचललं आणि सुनेपुढं धरलं.

"दुपारी तण काढायला ये म्हणतो. दांडा तुला पुरेल. तुझ्या सासूचा आणि तुझा हात सारखाच."